झाडीपट्टीच्या नटानं पाहिलेले हल्लीचे पिक्चर

बाबू, तू तीन गोष्टी विचारल्या. तीस वर्षं तोंडाला रंग लावणाऱ्या माणसाला हल्लीचे पिक्चर कसे वाटतात, ही पहिली. कोणाचं काम मनातून पटलं आणि कोणाचं नुसतं गाजलं, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे तुझं खरं दुखणं: 'स्थळ' या पिक्चरमध्ये गावची साधी माणसं चालली, तर आठवीपासून स्टेजवर उभ्या असलेल्या तुला कोणी का बोलावत नाही? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोनांच्या पोटातच आहे, म्हणून ओघानं सांगतो. लांबेल, पण तूच 'खरं खरं सांगा' म्हणालास.

आधी आमचा धंदा कसा चालतो ते पाहा, मग माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुझं तू ठरव. दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांच्या बोर्डांवर तारखा चढायला लागतात. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्यांच्या निमित्तानं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, होळीपर्यंत रोज रात्री नाटक. रात्री दहाला पडदा उघडायचा, पहाटे चार-पाचला पडायचा. समोर धान कापलेल्या बांधीत हजारो माणसं, घोंगड्या पांघरून, पोरं मांडीवर झोपलेली. २०२३ साली आमच्या रंगभूमीचे नट, गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की असं काही इकडे आहे. त्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला जागं ठेवणं हे आमचं काम. म्हणून आम्ही मोठ्यानं बोलतो, हात मोठे करतो, रडायचं असलं तर खांदे हलवून रडतो. शहरातला समीक्षक याला भडक म्हणतो. म्हणू दे. पहाटे तीनच्या थंडीत त्यानं एकदा माईकखाली उभं राहून दाखवावं.

आणि त्या माईकचीच गोष्ट सांगायची आहे. आमच्याकडे माईक वरून टांगलेले असतात. नट चालत चालत बरोबर त्याच्याखाली येतो आणि मग वाक्य टाकतो. नवखा असला की माईक सोडून बोलतो आणि पब्लिक ओरडते, 'आवाज! आवाज!' एका शंकरपटाला मी बापाचं काम करत होतो. पोरगी घर सोडून चालली आहे, मी मोठ्यानं आकांत करायचा, असा प्रवेश. ऐन तिच्या बोलण्याच्या वेळी साऊंड गेला. लाईट होते, आवाज नव्हता. तिनं घाबरून वाक्यं हळूच म्हटली, मला तेवढी ऐकू आली. मला काही करता येईना. ओरडून उपयोग नाही, मागच्यांना कळणार नाही. मी खाटेवर बसलो आणि नुसतं तिचं ऐकलं. हातात सुपारी होती, ती अडकित्त्यात तशीच राहिली. दोन-अडीच मिनिटं. आणि बाबू, त्या मैदानात कोणी खोकलं नाही. साऊंड आल्यावर मी ठरलेला आकांत केला, अन् तिथंच प्रवेश पडला. हुंदका येऊन गेला होता, मी तो परत मागायला गेलो होतो.

तेव्हापासून मी पिक्चर पाहतो तो बोलणाऱ्याकडे न पाहता. कॅमेरा दोघांवर असला की गप्प असलेल्याकडे पाहतो. आणि त्याच्या हातांकडे. या दोन ठिकाणी सोंग लपत नाही.

'स्थळ'पासूनच सुरू करू. जयंत दिगंबर सोमलकरचा पिक्चर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ला गेला, बक्षीस घेऊन आला, आणि आपल्याकडे लागला २०२५च्या ७ मार्चला. होळी आठवड्यावर आली होती, सीझनचे शेवटचे प्रयोग चालू होते. रात्रीचं नाटक करून, एसटीत झोपून, मी आणि घरची नागपूरला दुपारच्या खेळाला पोचलो. आमच्या पडद्यासमोर पंधरा-वीस डोकी. शेजारी 'छावा' भरलेला. शांत प्रवेश आला की भिंतीपलीकडून तोफा ऐकू यायच्या.

गोष्ट एवढीच: सविता नावाची पोरगी बीए करते, समाजशास्त्र शिकते, आणि तिला पाहायला एकामागून एक पाहुणे येतात. तीच बैठक, तेच पोहे, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तिकडे बापाच्या कापसाला भाव नाही आणि हुंड्याचा आकडा डोक्यावर. नंदिनी चिकटेनं सविता केली आहे. सुरुवातीलाच एक उलटा प्रवेश आहे, तिथं पोरी बसल्या आहेत आणि पोरगा पाहायला बोलावला आहे. थेटर हसलं. मीही हसलो. मग खरी बैठक सुरू झाली आणि हसणं एकेक करून बंद झालं.

नंदिनीचं काम पाहा. प्रश्न विचारला की ती लगेच उत्तर देते, पाठ झालेलं. पण प्रश्न विचारून पाहुणे आपसात बोलायला लागतात तेव्हाचा तिचा चेहरा पाहा. ती ऐकते आहे, आणि ऐकत नाही असं दाखवते आहे. दोन थर. हे आमच्याकडच्या पंचवीस वर्षं काम केलेल्या नटीला जमणार नाही, मला तर नाहीच. तारानाथ खिरटकर बाप झाले आहेत. पाहुण्यांसमोर त्यांचं बसणं पाहिलं की मला माझे सासरे आठवले. आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं, पाठ भिंतीला टेकवायची नाही.

मध्यंतरात घरची म्हणाली, "तुमीबी इचारली होती उंची." मी म्हटलं, मी नाही, मामानं विचारली होती. ती म्हणाली, "हो. अन् मी सांगितल्यावरबी मामानं मले भितीले पाठ लावून उभी केली, अन् तुमी पोहे खात होते." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तीस वर्षं संवाद पाठ करणारा माणूस आहे मी.

दोषही सांगतो. मधला भाग लांबला आहे. तीच बैठक पुन्हा पुन्हा दाखवायची हा हेतू कळतो, पण एका ठिकाणी मला वाटलं की दिग्दर्शकाला आपल्यावर भरवसा नाही, म्हणून तो परत सांगतो आहे. कॉलेजमध्ये स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा धडा आणि घरी पाहुणे, हा विरोधही जरा जास्त अधोरेखित झाला. तरी गेल्या दहा वर्षांत आपल्या मुलखाचा इतका खरा पिक्चर मी पाहिला नाही.

खरा का, तर भाषेमुळे. इथं माझी जुनी जखम आहे, थोडं ऐकून घे.

पिक्चरवाल्यांसाठी विदर्भ म्हणजे एकच बोली, आणि ती हसण्यासाठी. चौकीदार, ड्रायव्हर, मठ्ठ हवालदार आला की तो 'कायले बे' म्हणणार आणि पुण्या-मुंबईचं थेटर हसणार. आता तूच सांग, डोळ्याला आपण झाडीत डोरा म्हणतो. अकोल्या-अमरावतीकडे डोया म्हणतात. नागपूरचा पोरगा 'मी जाऊन राह्यलो' म्हणतो. ही तीन वेगळी माणसं आहेत. पिक्चरमध्ये एकाच माणसाच्या तोंडात तिन्ही कोंबतात, वरून प्रत्येक वाक्याला एक 'बे' लावतात, आणि त्याला नाव देतात वैदर्भीय बाज. नटाचाही दोष नाही. त्याला आठ दिवस आधी कागद मिळतो, तो शब्द पाठ करतो. पण बोली शब्दांत नसते ना. ती दम घेण्यात असते. आपला माणूस वाक्याच्या शेवटी आवाज वर नेतो, मग थांबतो, समोरच्याला 'हो' म्हणायला जागा ठेवतो. पाठ केलेल्या बोलीत ती जागाच नसते. आणि ही बोली बोलणारा माणूस दुःखात असू शकतो, हुशार असू शकतो, प्रेमात पडू शकतो, हे फार थोड्यांना सुचलं.

२००९ला सतीश मनवरच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये ते सुचलं होतं. नंतर 'नाळ', २०१८. श्रीनिवास पोकळे या पोरानं चैत्या केला आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. आपण दत्तक आहोत हे पोराला कळतं, एवढ्या धाग्यावर सगळं उभं आहे. सगळे पोराचं कौतुक करतात, बरोबर आहे. पण मी देविका दफ्तरदारकडे पाहत होतो. पोरगा काहीबाही बोलतो आणि आईच्या हातातलं काम अर्धा क्षण थांबतं, परत सुरू होतं. तो अर्धा क्षण म्हणजे अभिनय. पाच वर्षांनी दुसरा भाग आला, त्यातल्या पोरांनाही पुरस्कार मिळाले, आणि त्रिशा ठोसर तर पाहून घे एकदा. पण पहिल्याची गाठ दुसऱ्यात बसली नाही, असं माझं मत.

आणि 'झुंड', २०२२चा. नागपूरची झोपडपट्टी, फुटबॉल, विजय बारसेंच्या कामावरून घेतलेली गोष्ट. लोक म्हणतात लांब झाला. झाला आहे. पण त्यात एक प्रवेश आहे, पोरं सरांच्या घरी बसून एकेक करून आपलं आयुष्य सांगतात. नागपुरी हिंदी-मराठीची खिचडी, कोणाची नक्कल नाही. आणि समोर अमिताभ बच्चन नुसता ऐकत बसला आहे. ज्याचा आवाज अख्ख्या देशाला पाठ आहे त्या माणसानं आवाज बाजूला ठेवला. पोरांना घाबरवत नाही, त्यांच्यासमोर लहानही होऊन दाखवत नाही. अंकुश गेडाम नावाच्या नागपूरच्या पोराला त्या कामासाठी फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. तू त्याची चाल पाहा. खांदे पुढे काढून चालणारी पोरं तूही पाहिली असशील बसस्टँडवर. रिंकू राजगुरूची गडचिरोलीकडची आदिवासी पोरगी मात्र मला अपुरी वाटली. ओळखीच्या पुराव्यासाठी बाप-लेकीची वणवण हा स्वतंत्र पिक्चर होता, तो दोन प्रवेशांत उरकला.

आता 'दशावतार'. सप्टेंबर २०२५. हा मला सोडताच येत नाही, कारण तो आमच्या जातभाईचा आहे. कोकणातला म्हातारा दशावतारी, बाबुली मेस्त्री, आणि दिलीप प्रभावळकर, वयाच्या ८१व्या वर्षी. दशावतारी माणसं आमच्यापेक्षा एका बाबतीत मोठी आहेत. त्यांच्याजवळ लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवून घेतात आणि संवाद उभ्या-उभ्या रचतात. आमच्याकडे प्रॉम्प्टर असतो, त्याच्या कुजबुजीवर आमची रात्र निघते. म्हणून मी जरा आदरानंच पाहायला गेलो.

पहिला अर्धा भाग पाहताना हातात काही तरी आलं. प्रभावळकर रंग लावायला बसतात तो प्रवेश पाहा. आरशात पाहणारा नट स्वतःला पाहत नाही, उरलेली जागा पाहतो, कुठं लावायचं राहिलं ते. वर्षानुवर्षं केलेल्या माणसाचं बोट आपोआप जातं. ते बोट त्यांनी बरोबर पकडलं. पोरगा म्हणतो बाबा आता पुरे, आणि बाबा हो म्हणतात, आणि प्रेक्षकाला कळतं की हे हो खरं नाही. माझ्या पोरानंही मला दोन वर्षांपूर्वी हेच म्हटलं, मीही हो म्हटलं.

पुढं मात्र पिक्चर सुडाकडे वळतो. एकेक अवतार, एकेक शिक्षा, मोठं संगीत. टाळ्या पडतात, नाही म्हणत नाही. खाण आली आणि गावच्या रानावर कोणाचा डोळा आला म्हणजे काय, हे गडचिरोलीच्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही, त्यामुळे राग माझाही होताच. पण मला तो म्हातारा नट हवा होता. त्याच्या जागी मला देव दिला. प्रभावळकर तिथंही कमी पडत नाहीत. पडद्यामागचे लोक घाई करतात.

'छावा'बद्दल तू विचारशीलच. विकी कौशल शेवटी गर्जतो ते पाहून माझ्या कंपनीतली पोरं वेडी झाली. मला ती गर्जना परकी नाही, ती आमच्याच घराण्याची आहे. पहाटेच्या प्रवेशात मीही असाच फुटतो. म्हणूनच सांगतो, ते त्यातलं सोपं काम आहे. याच विकीनं 'सरदार उधम'मध्ये, २०२१ला, जालियनवाला बागेच्या रात्री जखमींना हातगाडीवर टाकून नुसतं वाहून नेलं आहे, जवळजवळ न बोलता. ते दोन्ही लागोपाठ पाहा. 'छावा'त मला जास्त लागला तो अक्षय खन्ना. औरंगजेबाला आमच्या नाटकात आम्ही डोळे वटारून उभा करतो, मीच केला आहे, दाढी चिकटवून. अक्षय खन्ना आवाज चढवतच नाही. समोरचा बोलतो आणि तो इतका थंडपणे ऐकतो की बोलणाऱ्याचीच जीभ अडखळते. पुढच्या सीझनला मला औरंगजेब मिळाला तर मी डोळे वटारणार नाही असं ठरवलं आहे, पण शेवटच्या रांगेतला म्हातारा काय म्हणेल याची धास्ती आहे.

बाकीचे भराभर. 'लापता लेडीज' घरच्यांसोबत पाहा. रवी किशनचा पान चघळणारा फौजदार मस्त. तोंड चालू, आणि डोळे दुसराच हिशोब करत असतात. पण त्यातली माझी माणूस छाया कदम. स्टेशनवरची चहा-पकोड्याची टपरी, आणि कढईत पकोडा सोडता सोडता ती त्या हरवलेल्या पोरीशी बोलते. तेलाकडे लक्ष आहे, पोरीकडेही आहे. तिचा हात कधी नटीचा वाटत नाही. 'फँड्री', 'सैराट', 'झुंड' सगळीकडे ही बाई आहे आणि कुठंच ओरडून लक्ष मागत नाही.

'पुष्पा २'वर हसू नको. साडी नेसून, अंगाला रंग फासून अल्लू अर्जुन जत्रेत नाचतो, तो भाग मी दोनदा पाहिला. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यात साडी नेसणारे जुने गडी मी लहानपणी पाहिले आहेत. बाईची नक्कल करत नव्हते ते, अंगात घेत होते. बाकीचा पिक्चर माझ्यासाठी नव्हता. हिंदीत अर्धं काम तर श्रेयस तळपदेच्या आवाजानं केलं आहे.

'साबर बोंडं' पाहिला. रोहन कानवडेचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं मोठं बक्षीस मिळालेला. बाप गेल्यावर पोरगा आईबरोबर दहा दिवसांसाठी गावी येतो, आणि तिथं दोन पुरुषांचं एकमेकांवर जीव लावणं. मी जाताना अवघडलो होतो, कबूल करतो. पार्श्वसंगीतच नाही, त्यामुळे कुठं रडायचं ते कोणी सांगत नाही. येताना डोक्यात राहिली ती आई, जयश्री जगताप. तिला सगळं ठाऊक आहे आणि ती ते शब्दांत आणत नाही. आपल्या आयाही अशाच.

आता तुझा तिसरा प्रश्न. मागच्या मंडईला मी तुझं काम पाहिलं. आवाज चांगला आहे, पाठांतर पक्कं आहे. पण समोरचा बोलत असताना तू ओठ हलवत होतास. त्याचं वाक्य संपायची वाट पाहत होतास, तुझं टाकायला. कॅमेऱ्याला हे दहा फुटांवरून दिसतं. 'स्थळ'मधल्या माणसांनी अभिनय केला नाही म्हणून ती चालली, असं समजू नको. त्यांच्याजवळ एक गोष्ट होती जी तुझ्याजवळही आहे आणि तू स्टेजवर चढताना खाली ठेवून येतोस: तुझं घरचं बसणं, घरचं बोलणं. डोरा म्हणणारा पोरगा माईकखाली गेला की डोळा म्हणतो, आणि तोही धड नाही.

एक काम कर. तुझी आई तांदूळ निवडत बसली की फोन कुठं तरी टेकवून चालू ठेव आणि तिला काही तरी सांग. खरं सांग, नोकरीचं, उसनवारीचं, काही. दहा मिनिटं. मग ते पाहताना स्वतःकडे पाहू नको, तिच्या बोटांकडे पाहा. कोणत्या शब्दाला बोटं थांबली, कुठं खडा काढून फेकला, कुठं खडा नसताना फेकल्यासारखं केलं. मी हे माझ्या घरी केलं आहे. माझी पंधरा वर्षं वाचली असती.

आणि दिवाळीच्या आधी वडशाला ये, तालमी सुरू होतील. यंदाच्या नाटकात कोतवालाचं काम रिकामं आहे. चार प्रवेश उभं राहायचं, एक वाक्य आहे. ते वाक्य बहुतेक मी कापणार आहे.